दोन पॅनेल, एक छप्पर

‘गावात सौर ऊर्जा प्रकल्प राबविण्यास ही ग्रामसभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.’ खाली सूचक, अनुमोदक, सही, शिक्का. कोकणातल्या ग्रामपंचायतींच्या इतिवृत्तात सौर ऊर्जेबद्दल बऱ्याचदा एवढी एक ओळ असते. त्या दिवशी कोणी हात वर करून विरोध केला नाही, एवढंच तिच्यातून कळतं. पॅनल धुणार कोण, आठ-दहा वर्षांनी पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर गेला तर पैसे कुठून येणार, बिलातली बचत कुठल्या खात्यात जाणार, यातलं काहीच त्या ओळीत नसतं. आणि भांडणं होतात ती नेमकी याच गोष्टींवरून.

हवामान बदलाबद्दल राजकीय सहकार्य म्हटलं की डोळ्यापुढे पॅरिस आणि ग्लासगोच्या परिषदा येतात. त्या आपल्या जागी ठीक. भारतानं 2030 पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा करायचं ठरवलं होतं आणि 2025 च्या मध्यालाच तो गाठला. पण इथं विषय खालच्या टोकाचा आहे: सरपंच एका गटाचा, बहुमत दुसऱ्याचं, आणि दोघांना मिळून पंपघराच्या स्लॅबवर दहा पॅनल बसवायची आहेत.

(ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती पॅनेलमध्ये होते. घोळ नको म्हणून या लेखात निवडणुकीचं ते ‘पॅनेल’ आणि छपरावरचं ते ‘पॅनल’.)

थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली आणि 2022 ला परत आली. तिच्यामुळे सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनेलचं, अशी स्थिती सहज होते. त्यात कोकणाची स्वतःची भर असते. वाडीवाडीचा मान, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचं म्हणणं, आणि ऊर्जा म्हटलं की जुनी जखम. गुहागरला अंजनवेलचा दाभोळ वीज प्रकल्प 1999 ला सुरू झाला आणि 2001 ला बंद पडला. राजापुरात माडबनच्या 9,900 मेगावॉटच्या अणुप्रकल्पावरून आणि पुढं रिफायनरीवरून गावं उभी चिरली गेली. अशा मुलखात छपरावरची वीज हा एकच विषय असा आहे, जिथं जमीन जात नाही, कोणी उठवला जात नाही आणि दोन्ही पॅनेलना बिल कमी झालेलं हवं असतं. म्हणूनच करार लेखी आणि बारकाईनं करण्याजोगा आहे.

सुरुवात बिलापासून करावी. ग्रामपंचायतीच्या नावावर साधारण तीन प्रकारची मीटरं असतात: कार्यालय, पथदिवे आणि नळपाणी योजनेचा पंप. हौसेनं पॅनल बसतात ती कार्यालयावर, कारण तिथं ती रस्त्यावरून दिसतात आणि फीत कापायला अंगण असतं. कार्यालयाचं बिल तीन ट्यूब, दोन पंखे आणि एका संगणकाचं. खरं बिल पंपाचं. साडेसात अश्वशक्तीचा पंप चालताना मीटरवर साधारण साडेसहा-सात किलोवॉट ओढतो. रोज चार तास चालला तर 26 ते 28 युनिट, म्हणजे महिन्याला 800 च्या घरात. नेट मीटरिंग, म्हणजे महावितरणला दिलेली जादा वीज बिलातून वजा होण्याची सोय, एका वीजजोडणीशी बांधलेलं असतं. कार्यालयावर तयार झालेली जादा वीज पंपाच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. त्यामुळे ज्या मीटरचं बिल मोठं, त्याच जागेवर यंत्रणा.

क्षमता किती ठेवायची? किनारपट्टीला 1 किलोवॉटमागे वर्षाला साधारण 1,300 ते 1,400 युनिट धरावेत. मार्च-एप्रिलमध्ये महिन्याला 130-140, जुलैच्या मळभात त्याच्या निम्म्याच्या आसपास. 800 युनिट भरून काढायला 7 किलोवॉट लागेल. पण महाराष्ट्राच्या नियमात छपरावरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि साडेसात अश्वशक्तीच्या जोडणीचा मंजूर भार साडेपाच-पावणेसहा किलोवॉटच असतो. म्हणजे 550 वॉटची दहा पॅनल, साडेपाच किलोवॉट. उरलेलं बिल भरावं लागेल, आणि हे ग्रामसभेत आधीच सांगून टाकावं. ‘बिल शून्य होणार’ असं सांगून बसवलेल्या यंत्रणेचं पहिलं बिल दुसऱ्या पॅनेलच्या हातात आयतं कोलीत देतं. दहा किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना 2024 च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनं तांत्रिक व्यवहार्यता तपासणीतून सूट दिली आहे, तेव्हा ‘महावितरणनं अडवलंय’ हे कारण एवढ्या लहान यंत्रणेला फारसं टिकत नाही.

नेट मीटरचा हिशोब आर्थिक वर्षावर चालतो. महिन्याची शिल्लक युनिटं पुढं सरकतात, पण 31 मार्चला खातं मिटतं आणि उरलेल्या युनिटांना विक्रीच्या दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. एप्रिल-मेची शिल्लक पावसाळ्यात खपते, हे आपल्या सोयीचं. नोव्हेंबर ते मार्चची शिल्लक मात्र स्वस्तात जाते. पंपाला शिल्लक उरत नाही म्हणून तिथं हा प्रश्न येत नाही. तो येतो चाकरमान्यांच्या बंद घरांना. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ज्या घरात दिवा लागत नाही, तिथं अनुदान मिळतंय म्हणून 3 किलोवॉट बसवणं माझ्या मते पैसे अडकवणं आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॉटला किलोवॉटमागे 30,000, तिसऱ्याला 18,000, असं जास्तीत जास्त 78,000 रुपयांचं अनुदान आहे. ज्या घरात बारमाही माणसं आहेत, फ्रिज आणि पंप आहे, तिथं ते चांगलं कामी येतं. आणि एक गोष्ट सरपंचांच्या लक्षात असावी: या योजनेत हद्दीतल्या प्रत्येक घरगुती यंत्रणेमागे स्थानिक संस्थेला 1,000 रुपये प्रोत्साहन निधी ठेवला आहे. त्यात कुठल्या वाडीनं कोणाला मत दिलं याचा संबंध नाही, म्हणून शिबिर सगळ्या वाड्यांत घ्यायला काहीच हरकत नसावी.

आता छप्पर. मंगलोरी कौलांवर पॅनल बसवता येतात, पण कौलाला नव्हे, खालच्या वाशाला हुक घ्यावा लागतो. दर वेळी साफसफाईला वर चढलं की दोन कौलं फुटतात आणि जूनमध्ये ती गळतात. शक्य असेल तर कौलारू छप्पर सोडून पडवीचा स्लॅब किंवा पत्र्याची शेड बघावी. पत्र्यावर बसवताना क्लॅम्प पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी पर्लिनला, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्टीला, धरला पाहिजे. नाहीतर वादळात पॅनल पत्र्यासकट जातं.

वाऱ्याचं गणित कागदावर मांडून दाखवलं की ग्रामसभेतले निम्मे वाद मिटतात. 550 वॉटचं पॅनल साधारण 2.28 मीटर लांब, 1.13 मीटर रुंद आणि 28 किलोचं. म्हणजे क्षेत्रफळ 2.58 चौरस मीटर. ताशी 120 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 33 मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला अंदाजे 68 किलो. एका पॅनलवर पावणेदोनशे किलोचा जोर, दहा पॅनलवर पावणेदोन टन. वारा पॅनलच्या खाली शिरला की हा जोर वर उचलतो. आता ठेकेदाराचं नेहमीचं काम बघा: स्लॅबला भोकं नकोत म्हणून एक फूट घनाचे काँक्रीटचे आठ ठोकळे नुसते ठेवलेले. असा एक ठोकळा 68 किलोचा. आठ ठोकळे 544, दहा पॅनल 280, लोखंड तीनशेच्या आसपास. एकूण अकराशे-साडेअकराशे किलो, आणि उचलणारा जोर साडेसतराशेचा. हा हिशोब ढोबळ आहे, कडेच्या पॅनलवर ओढ याहून जास्त असते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटरच्या घरात होता. आणि वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो.

म्हणून मागणीपत्रात स्पष्ट लिहावं: रचना ताशी किमान 150 किलोमीटर वाऱ्याला टिकणारी, पाय स्लॅबच्या तुळईत किंवा खांबावर अँकर बोल्टनं बांधलेले, भोकाभोवती वॉटरप्रूफिंग ठेकेदाराच्या माथी, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही. खाली वाळवणाला जागा व्हावी म्हणून रचना आठ-दहा फूट उंच करण्याची फॅशन आली आहे. किनाऱ्याला ती करू नये. जितकी उंच, तितका पायाशी पिळ जास्त.

दुसरा शत्रू खारा वारा. रचना बनवून झाल्यावर जस्ताच्या वितळलेल्या रसात बुडवलेली, म्हणजे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवी, थर किमान 80 मायक्रॉन. बाजारात मिळणारं चकचकीत पातळ चॅनेल आधी जस्त लावून मग कापलेलं असतं. कापलेल्या टोकाला आणि ड्रिल केलेल्या भोकाला जस्त नसतंच, दुसऱ्या पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ येतात. मायक्रॉन मोजायचं छोटं यंत्र येतं. माल उतरवताना ठेकेदारासमोरच चार ठिकाणी मोजून घ्यावं. नट-बोल्ट स्टेनलेस 304 चे, खाडीच्या किंवा समुद्राच्या अगदी लगत असेल तर 316 चे. पॅनलची चौकट अॅल्युमिनियमची असते; ती आणि लोखंड यांच्यामध्ये रबरी वॉशर नसला तर खाऱ्या ओलीत दोन धातूंची आपसात कुरतड सुरू होते. पॅनल खारट हवेच्या आयईसी 61701 चाचणीत उतरलेलं आहे का, ते प्रमाणपत्र मागावं. ‘साहेब, ते सगळ्यांना असतंच’ हे उत्तर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

अर्थिंगबद्दल इतकंच की डीसी बाजू (पॅनल ते इन्व्हर्टर), एसी बाजू (इन्व्हर्टर ते मीटर) आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजरोधक यांचे तीन वेगळे खड्डे हवेत, आणि मोजणी मे महिन्यात करावी. ओहमचा आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. जांभ्यात पाणी ठरत नाही. ऑगस्टमध्ये 4 ओहम दाखवणारा खड्डा एप्रिल-मेमध्ये कोरडा ठणठणीत होतो आणि आकडा कितीतरी वर जातो. वळवाच्या विजा कडाडतात त्या नेमक्या त्याच दिवसांत.

मग सावली. माडाची एक झावळी दहापैकी एका पॅनलवर पडली तरी त्या अख्ख्या ओळीच्या उत्पादनाला फटका बसू शकतो. डिसेंबरच्या शेवटी सूर्य दक्षिणेला सर्वात जास्त कलतो. रत्नागिरीच्या अक्षांशावर तेव्हा माध्यान्हीलासुद्धा तो पन्नास अंशांपेक्षा वर येत नाही. छपराच्या पातळीपेक्षा 12 मीटर उंच असलेल्या माडाची सावली तेव्हा 10 मीटर पसरते, सकाळी नऊला त्याच्या दुपटीहून लांब. जागा ठरवताना मे महिन्यातलं लख्ख ऊन बघून फसू नये. आणि तो माड कोणाचा आहे, हे तांत्रिक नसलं तरी पहिलं विचारायचं. माड तोडायला लावून बसवलेला सौर प्रकल्प पुढच्या निवडणुकीपर्यंत गावच्या गजालीत राहतो. बहुतेकदा पॅनल चार मीटर सरकवणं स्वस्त पडतं.

सर्वात मोठा गैरसमज वेगळाच आहे. वीज गेली की नेट मीटरवाली साधी यंत्रणासुद्धा बंद पडते. डोक्यावर कडक ऊन असतानाही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेनं आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो, आणि ते बरोबरच आहे. निसर्ग वादळानंतर रायगडात आणि दापोली-मंडणगडच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती, तशा वेळी हे दहा पॅनल नुसते शोभेचे. आपत्तीसाठी काही हवं असेल तर कार्यालयाला किंवा शाळेला बॅटरीसह वेगळी लहान यंत्रणा लागते. तिचा आकार भावनेवर ठरवू नये. दहा वॉटचे आठ दिवे सहा तास म्हणजे 0.48 युनिट. चाळीस मोबाइल चार्ज करायला 0.6. पंधरा वॉटचा राउटर दिवसरात्र, 0.36. एकूण दीड युनिटाच्या आत. 48 व्होल्ट 100 अँपिअर-अवर लिथियम फॉस्फेट बॅटरीत पाच युनिट मावतात, म्हणजे ऊन न पडता तीन दिवस. त्यावर पंप चालवायचं कोणी सुचवलं तर वर काढलेला रोजचा 26-28 युनिटांचा आकडा दाखवावा. पंपासाठी डिझेल जनरेटर भाड्यानं आणण्याचा ठराव आधीच करून ठेवलेला बरा.

हे सगळं ठरावात कसं उतरवायचं? मसुदा असा करता येईल:

‘नळपाणी योजनेच्या पंपघराच्या वीजजोडणीवर 5.5 किलोवॉटची नेट मीटर सौर यंत्रणा बसवावी. यंत्रणेची नोंद ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत करावी. मागील बारा महिन्यांच्या सरासरी बिलाच्या तुलनेत होणाऱ्या बचतीचा चौथा हिस्सा दर तिमाहीस स्वतंत्र देखभाल खात्यात जमा करावा व तो अन्य कामास वापरू नये. देखभाल समितीत प्रत्येक वाडीचा एक प्रतिनिधी असावा. त्यांपैकी किमान दोन सदस्य अल्पमतातील गटाने सुचवलेले असावेत. मीटरचे मासिक वाचन कार्यालयाच्या फलकावर लावावे.’

अल्पमतातल्या गटाचे दोन सदस्य हे मला या मसुद्यातलं सर्वात कामाचं वाक्य वाटतं. ज्यांनी स्वतः मीटर वाचलंय, त्यांना ‘पैसे खाल्ले’ म्हणणं अवघड जातं. आणि पाच वर्षांनी पारडं फिरलं की याच तरतुदीनं आजचे सत्ताधारी आत राहतात. बचतीच्या चौथ्या हिश्श्याचं कारण इन्व्हर्टर. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर खाऱ्या हवेत आठ-दहा. एवढ्या क्षमतेचा थ्री-फेज इन्व्हर्टर आजच्या भावात पन्नास हजारांच्या आसपास जातो, आणि तो जाईल तेव्हा खुर्चीवर कोण असेल ते कोणालाच माहीत नाही. आमदार निधीतून, देणगीतून लागलेल्या सौर पथदिव्यांची जी कळा होते ती यामुळेच. खांबावर नाव शाबूत, बॅटरी तीन वर्षांत संपलेली, आणि नव्या बॅटरीची तरतूद कोणाच्याच अंदाजपत्रकात नाही.

तांत्रिक बाजू सांभाळली तरी ग्रामसभा तहकूब होऊ शकते. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी ते लागतात. 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टला कोकणात एवढी माणसं जमवणं सोपं नाही. 1 मेला चाकरमानी गावात असतात, ती सभा धरावी. मतदार यादीत नाव नसलेल्या मुंबईकरांना मत नाही, पण मंडळाच्या लोकांना बिलाचा तक्ता आधी पाठवला तर सभेत आयत्या वेळचा विरोध कमी होतो.

राज्याच्या पातळीवर असं टिकलेलं उदाहरण म्हणजे माझी वसुंधरा अभियान. महाविकास आघाडीच्या काळात 2020 ला ते सुरू झालं, 2022 ला सरकार बदललं, तरी पुढच्या आवृत्त्या निघत राहिल्या. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश असे पाच भाग, प्रत्येकाला गुण, आणि गुणांवर बक्षीस. माझ्या मते ते टिकलं याचं कारण विचारांची एकवाक्यता नव्हे. गुणपत्रिका स्थानिक संस्थेच्या नावावर असते आणि ती कुठल्याच पक्षाला फाडावीशी वाटत नाही.

देखभालीचं काम तसं थोडंच. पावसाळ्यात पाऊस धुतो, पण चौकटीच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं. गणपतीआधी एकदा मऊ ब्रशनं काढावं. नोव्हेंबर ते मे मिठाचा पापुद्रा आणि जांभ्याची लाल धूळ बसते, म्हणून दर पंधरा दिवसांनी धुणं. पॅनलला दोन-तीन लिटर पाणी, सूर्य वर यायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. मचूळ विहिरीचं पाणी वापरू नये, त्याचे पांढरे डाग मिठाहून चिवट. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामात एक दिवस याचाही ठेवावा: बोल्ट आवळणे, केबलचे कनेक्टर पाणी साचेल असे पत्र्यावर लोळत नाहीत ना ते बघणे, विजेच्या अचानक लोटापासून यंत्रणा वाचवणाऱ्या सर्ज अरेस्टरची खिडकी हिरवी आहे का लाल ते पाहणे. लाल असेल तर ते बदलूनच पावसाळ्यात शिरायचं. तीन-चार शेजारच्या ग्रामपंचायतींनी मिळून आयटीआय झालेला एक वायरमन किंवा सौर यंत्रणेचं सूर्यमित्र प्रशिक्षण घेतलेला मुलगा महिन्याला ठरावीक मानधनावर धरला तर प्रत्येकीला परवडतो.

शेवटची गोष्ट क्षुल्लक दिसते. इन्व्हर्टरचं उत्पादन मोबाइल अॅपवर दिसतं, आणि ते अॅप बसवण्याच्या दिवशी ठेकेदाराच्या किंवा सरपंचांच्या खासगी नंबरावर नोंदवलं जातं. सत्ता बदलली की नंबरही गेला आणि आकडेही. नवी बॉडी मग पंपघराच्या खाली उभी राहून ‘हे चालू आहे का बंद?’ असं विचारत बसते. नोंदणी पहिल्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या ई-मेलवर करावी, पासवर्ड बंद पाकिटात घालून ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या कपाटात ठेवावा, आणि पदभार देण्या-घेण्याच्या यादीत शिक्के, दप्तर, चाव्या यांच्या खाली त्या पाकिटाचीही एक ओळ घालावी.